रामदेवरायाचं मीठ

बोटाला चिकटलेला मिठाचा खडा काही केल्या सुटेना. श्रावणातली दमट सकाळ, बरणीतलं मीठ पाणी धरून बसलेलं — झटकलं तरी एक खडा तर्जनीच्या टोकाला तसाच, पांढुरका, कडेकडेने विरघळत चाललेला… अभिमन मास्तरांनी तो चुलीच्या उजेडात धरला, आणि तव्यावरच्या भाकरीचा त्यांना विसर पडला. भाकरी करपली. घरात दुसरं कोणी असतं तर बोललं असतं. बायकोला जाऊन चार वर्षं झाली, आणि वैशाखापासून मुलगा मगनही नाही. करपल्याचा वास आता एकट्या मास्तरांनाच येत होता.

त्यांनी दुसरी भाकरी थापली. कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, मगनला आवडते तशी. आज तुरुंगात भेटीचा दिवस होता. मगन मिठाच्या सत्याग्रहात गेला, समुद्रावर मूठभर मीठ उचललं, सहा महिन्यांची सजा झाली, आणि कुठून कुठून फिरवून शेवटी त्याला धुळ्याच्याच तुरुंगात आणून ठेवलं. बापाच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. तरी मास्तर अजून एकदाही गेले नव्हते. शाळा असते, पाऊस असतो, गुडघा दुखतो… कारणं काय, मागाल तितकी.

खरं कारण मिठाचंच होतं. मगन जाणार त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघे जेवायला बसले. पिठलं अळणी झालं होतं. मगनने हात पुढे केला आणि मास्तरांनी चिमूटभर मीठ सरळ त्याच्या तळव्यावर ठेवलं. दोन पुरुषांचं घर, त्यांना कोण सांगणार? पुढे शेजारच्या ताईबाईंनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला होता.

"आबा, मीठ कोनाबी हातमा देवानं नही. भांडन होस. खाले ठेवानं, ज्याले जोयजे तो उचली लेस."

मास्तर हसले होते. बायकांची शास्त्रं! पण भांडण झालं होतं खरं. मगन म्हणाला, शाळा सोडा, माझ्याबरोबर चला. मास्तर म्हणाले, सगळ्यांनीच लढायचं नसतं, कोणीतरी तह करून घर राखायचं असतं. तेव्हा मगन ताटावरून उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुमी ते रामदेवराय शेतस, आबा."

पहाटे कडी वाजली तेव्हा मास्तर जागे होते. डोळे मिटून पडून राहिले. तो दाराशी थोडा थांबला… का थांबला? हाक मारेल म्हणून मी वाट पाहत होतो, आणि मी हाक मारेन म्हणून तो. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज आला.

रामदेवराय. देवगिरीचा यादव राजा, खानदेशापर्यंत ज्याचं राज्य होतं. ज्याच्या नावाने कोणी नवस बोलत नाही की पोवाडा म्हणत नाही, असा तो राजा मास्तरांनी का जवळ केला कोण जाणे. हरलेल्या माणसाला निदान एक तरी वाली असावा, असं ते शाळेत गमतीने म्हणत. दिल्लीहून अल्लाउद्दीन अचानक चालून आला तेव्हा राजाचं सैन्य मुलाबरोबर दूर गेलेलं. राजाने किल्ल्याचे दरवाजे लावले. घाईघाईत गोण्या आत घेतल्या, धान्याच्या समजून. मग त्याने तह केला. तेवढ्यात मुलगा शंकरदेव फौज घेऊन परतला. बापाने निरोप धाडला — तह झाला आहे, लढू नकोस. मुलाने ऐकलं नाही. तो लढला आणि हरला. नंतर किल्ल्यावर उपासमार व्हायला लागली, गोण्या उघडल्या, तर आत मीठ. नुसतं मीठ! शेवटी राजाने आधीपेक्षा कितीतरी जड तह केला, आणि पुढे कित्येक वर्षं मान खाली घालून का होईना, राज्य राखलं. मुलाने बाप गेल्यावर बंड केलं आणि तो मारला गेला. पोरं शंकरदेवाला टाळ्या वाजवत. मास्तर म्हणत, "पण शेतं पिकत राहिली ती कोणामुळे?"

मिठाच्या वाक्याला वर्ग दरवर्षी हसतो. मास्तरही हसू देतात. आज सकाळच्या शाळेत तेच पान आलं, आणि ते वाक्य त्यांनी गाळलं. "किल्ल्यावरचं धान्य संपलं होतं," एवढंच ते म्हणाले आणि पुस्तक मिटलं. बाहेर कौलांवरून पाणी गळत होतं.

शाळा सुटली. मास्तरांनी घरी येऊन भाकऱ्या फडक्यात बांधल्या, ठेचा ठेवला, आणि जरा थांबून कागदाच्या पुडीत मीठही घेतलं. ठेचा अळणी वाटला तर… दाराला कुलूप लावताना ताईबाई ओट्यावरून पाहत होत्या.

परवा तोताराम आला नसता तर आजही ते निघाले नसते. तोताराम म्हणजे मगनबरोबर सत्याग्रहाला गेलेला, त्याच्याच बराकीत राहिलेला. त्याची सजा कमी मुदतीची होती; ती संपवून सुटला आणि आधी मास्तरांच्या दाराशी आला. बसला नाही. उभ्या उभ्या, इकडेतिकडे बघत निरोप सांगितला.

"मगननी सांगेल शे — आबास्ले सांगजो, गोण्या उघड्यात. मीठच निंघनं."

मास्तरांना आधी कळेना. तोतारामने मान खाली घातली. "रातरात जागत ऱ्हास तो. माफीना कागदवर सही करू का नही, ते आबास्ले इचारी ये, म्हने."

तो गेला. मगन वाकला होता. ज्याने बापाला रामदेवराय म्हटलं तोच बापाला विचारत होता, तह करू का. मास्तरांना वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असेल, पण त्याच्या आधी आनंद झाला. इतका, की त्यांनी उठून मगनचं अंथरूण उन्हात टाकलं. ऊन नव्हतं, तरी टाकलं.

पांझरेच्या पुलावर वारा होता. खाली गढूळ पाणी फुगून चाललं होतं. काय बोलायचं ते मास्तरांचं पाठ होतं — सही कर. त्यात लाज कसली? शरीर राहिलं तर पुढे सगळं. वकिलीचं शिक्षण अर्धवट राहिलंय ते पुरं कर. तुझी आई असती तर तिनेही हेच… वाक्य एकेक करून ते मनात लावत गेले. सगळी मुलाच्या हिताची होती. सगळी भरीव वाटत होती.

मगन दहा वर्षांचा असताना ते त्याला देवगिरी दाखवायला घेऊन गेले होते. चाळीसगावला गाडी बदलली, मनमाडला बदलली, मग निजामाच्या हद्दीतली छोटी गाडी. किल्ल्यातल्या त्या अंधाऱ्या भुयारात पोराने बापाचं बोट घट्ट धरलं होतं. वटवाघळांचा वास, पायाखाली ओल. मास्तर रामदेवरायाची गोष्ट सांगत होते, मुलाला भीती वाटू नये म्हणून, की आपल्यालाच वाटू नये म्हणून. मध्येच बोट सुटलं. मास्तर अंधारात हाका मारत राहिले, आणि वरून, कुठूनतरी वरून त्याचा आवाज आला, "आबा, आठे उजेड शे." इथे उजेड आहे — किती आनंदाने सांगितलं होतं त्याने. आणि वर पोचल्यावर मी त्याला काय केलं? थोबाडीत मारली. बोट सोडलं म्हणून.

तुरुंगाच्या दाराशी नासीर नावाचा शिपाई होता. वयस्क, मिशा पिकलेल्या. त्याने फडकं सोडून पाहिलं, भाकरी दुमडून पाहिली, आणि पुडी उघडून जिभेला बोट लावलं.

"मीठ?"

"मीठ."

नासीर हसला. उगाच नाही, त्यालाही गंमत वाटली असावी. "मिठापायी आत आलेला कैदी, आणि तुम्ही त्याला मीठ आणता मास्तर? भाकरी माझ्यासमोर खाऊ दे, मी बघितलं नाही म्हणेन. मीठ मात्र दाराच्या आत जायचं नाही."

त्याने पुडी परत दिली. मास्तर बाकावर बसले. कैद्याला आणायला कोणीतरी आत गेलं होतं. वेळ जावा म्हणून नासीरने विचारलं, "घरी कोण कोण?"

"कोणी नाही," मास्तर म्हणाले.

इतक्या चटकन म्हणाले, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"मग सुटून आला तर बरंच की. तुम्हाला सोबत होईल."

सोबत. नासीर दुसरीकडे वळला, त्याला काही वाटायचं कारणच नव्हतं. पण मास्तरांच्या हातातली पुडी ओली लागली. पुलावर लावून ठेवलेली वाक्यं त्यांनी एकेक करून पाहिली — शरीर, शिक्षण, आई… आणि प्रत्येकात तेच निघालं. करपलेल्या भाकरीचा वास. संध्याकाळी दिवा लावून समोर कोणी नाही. बिनउन्हाचं टाकलेलं अंथरूण. मुलाच्या हिताचं म्हणून इतका भार इथवर वाहून आणला, आणि त्यात त्याच्यासाठी एक दाणा नव्हता. मला तो घरी हवा होता. बस, एवढंच होतं.

मग सही करू नकोस म्हणायचं? कोणत्या तोंडाने? तोही रात्ररात्र जागतो आहे… शंकरदेव फौज घेऊन आला तेव्हा राजा तटावर उभा राहून धूळ पाहत असेल. इतकी वर्षं शिकवलं, पण हे कधी मनात आलं नव्हतं. 'लढू नकोस' असा निरोप धाडला तो राज्यासाठी, की एकच मुलगा होता म्हणून? आणि निरोप न ऐकता तो पुढे आला तेव्हा त्या म्हाताऱ्याला… राग आला असेल? मास्तरांना एकदम वाटलं, नाही. त्याला बरं वाटलं असेल. घाबरून अर्धा मेला असेल, आणि तरी बरं वाटलं असेल. आतून खात्री पटावी तसं त्यांना ते पटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रामदेवरायाची बाजू घ्यावीशी वाटली नाही. नुसतं त्याच्याजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं.

आतून पावलं वाजली. एक शिपायाची, बुटांची. दुसरी अनवाणी, जरा ओढल्यासारखी. मगन इतका हळू कधी चालत नसे.

भेटीच्या गजांपुढे, अलीकडच्या बाजूला, एक दगडी कठडा होता. पलीकडून हात घातला तर पोचेल असा. मास्तरांनी नासीरकडे पाहिलं. तो मिशांवरून हात फिरवत बाहेरचा पाऊस पाहत होता. मास्तरांनी पुडी उघडली आणि कठड्यावर ठेवली, अलीकडेच, दाराच्या आत जाणार नाही अशी. मग हात मागे घेतला.

पाठ केलेलं आता काही आठवत नव्हतं. सही कर, नको करू — मगन विचारेल आणि आपल्याला सांगता येणार नाही, हे त्यांना कळत होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याची भीती वाटत नव्हती. मी एकटा आहे, एवढं मात्र त्याला सांगावं. ते खरं आहे. तेही खाली ठेवावं, त्याला हवं असलं तर तो उचलेल.

पावलं वळणाशी आली. आतल्या बोळात अंधार होता. मास्तर गजांना तोंड लावून उभे राहिले, आणि दिसायच्या आधीच त्यांनी हाक मारली.

"मगन… आठे शे मी."