डोहाकाठचा सत्कार

प्राचार्य योगेंद्र सरांनी टेम्पोवरची ताडपत्री एका झटक्यात ओढली आणि नूतनच्या हातातला माइक पडता पडता राहिला.

आत पाणी भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. प्रत्येकीला लाल रिबीन. पाण्यात चिलापीची पिल्लं वळवळत होती.

"कशी वाटली आयडिया?" सर म्हणाले. "समिती माशांच्या संशोधनाला अनुदान द्यायला येतेय. अध्यक्षांच्याच हातानं डोहात मासे सोडू. खूश होऊन जातील."

"सर, पण चिलापी? आणि याच डोहात?"

"मासा तो मासा, मॅडम. तुम्ही सूत्रसंचालन बघा."

पांझरा नदीच्या या डोहात मुऱ्या शिल्लक होता. बोटाएवढा, दगडाखाली लपणारा मासा. आसपास नदीत दुसरीकडे कुठं सापडत नव्हता. देवपूरच्या कॉलेजात शिकवता शिकवता नूतननं चार वर्षं त्याच्यामागे घालवली होती. ही बाहेरची खादाड चिलापी आत गेली, की त्याची अंडीसुद्धा उरणार नव्हती. आणि आत्ता नाही म्हटलं, तर पाहुण्यांसमोर प्राचार्यांची शोभा आणि अनुदान गेलंच. अभ्यास बंद पडला, की डोह वाळूवाल्यांचा.

"ताडपत्री परत टाकू का, मॅडम?" टेम्पोवाल्यानं विचारलं. "ऊन लई शे."

नूतननं वर बघितलं. एप्रिलचं ऊन होतं. पिशव्या सावलीत ठेवायच्या असतात, हे ती दरवर्षी पोरांना शिकवायची.

"राहू द्या," ती म्हणाली. "पाहुण्यांना दिसू दे."

समिती आली. नूतननं माइक हातात घेतला. आधी अध्यक्षांना शाल-श्रीफळ. मग सदस्यांना. मग सदस्यांच्या ड्रायव्हरांना, कारण त्यांनी पाहुण्यांना सुखरूप आणलं. प्राचार्यांनी मान डोलावली. सत्काराला आपल्याकडे कोण नाही म्हणतं? नूतननं टेम्पोवाल्यालाही पुढं बोलावलं. प्राचार्यांनी नूतनच्याही खांद्यावर शाल घातली. रणरणत्या उन्हात सगळे लोकरीच्या शाली पांघरून गंभीर चेहऱ्यानं बसले.

पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली. नूतन टेम्पोकडे पाठ करून उभी राहिली.

"आता डोहाशेजारचे शेतकरी, निंबानाना, दोन शब्द बोलतील."

"दोन?" नाना उठत म्हणाले. "मी बोलाले लागनू ते दोनवर थांबस नई, बाई."

"बोला नाना. वेळ आहे."

नाना विहिरीवरून बैलावर गेले, बैलावरून धाकट्या मुलीच्या लग्नावर. "आते मुद्दावर येस," असं अधूनमधून म्हणत राहिले. प्राचार्य घड्याळ दाखवत होते. नूतन टाळ्या वाजवत होती.

नाना बसले, तेव्हा मागच्या पिशव्यांत हालचाल उरली नव्हती.

अध्यक्षांनी कॅमेऱ्याकडे बघत पिशवी डोहात उपडी केली. टाळ्या झाल्या. दुसरी पिशवी, तिसरी पिशवी. मग त्यांनी खाली पाहिलं.

पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. एकही पिल्लू हललं नाही. टाळ्या थांबल्या. फोटोग्राफरनं कॅमेरा हळूच खाली घेतला.

प्राचार्य रुमालानं कपाळ पुसायला लागले. अध्यक्ष मात्र पुढं वाकले, आणि त्यांचा आवाज गंभीर झाला.

"बघा! पाण्याला लागले आणि मेले. केवढं भयंकर प्रदूषण आहे हे! याच्यावर संशोधन झालंच पाहिजे. अनुदान मी मंजूर करतो. पण संशोधन पुरं होईतोवर या डोहात कुणीही मासे सोडायचे नाहीत."

"अगदी, सर," प्राचार्य घाईनं म्हणाले.

नूतन जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. मेलेली पिल्लं एकेक करून उचलायला लागली. नखाएवढी होती. दगडाखालून दोन मुऱ्या बाहेर आले आणि तिच्या घोट्याला चाटून पुन्हा आत गेले.

काठावरून अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, कशानं मेले हे शोधायला किती वेळ लागेल?"

पाण्याला टेकलेलं शालीचं टोक नूतननं वर ओढून घेतलं.

"तीन वर्षं, सर," ती म्हणाली.