लायसनचा शकुन

बेंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एका शिंप्याच्या घरात सकाळी सहालाच वाहतुकीचे नियम सुरू व्हायचे. रंजिता भाकरी थापता थापता प्रश्न विचारी आणि तिचा धाकटा दीर व्यंकोजी चुकीची उत्तरं देई.

"लाल कडेचा त्रिकोण, टोक खाली. म्हंजे काय, भाऊजी?"

"पुढं शाळा हाय."

"शाळा कुठली! दुसऱ्याला आधी जाऊ द्या, असं सांगतंय ते."

पुस्तक कानडीत होतं. व्यंकोजीला अक्षरं लावताना घाम फुटे. रंजिता सातवीपर्यंत कानडी शाळेत गेलेली. तिचा नवरा उल्हास दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेला, तेव्हापासून त्याचा टेम्पो गल्लीत ताडपत्रीखाली उभा होता. व्यंकोजीला लायसन मिळालं की तो सुटणार. पण हा बहाद्दर शिकाऊ लायसनच्याच परीक्षेत दोनदा नापास झालेला. पहिल्या खेपेला रंजिता दारात आडवी आली म्हणून. दुसऱ्या खेपेला तिनं "फॉर्म विसरला" अशी मागून हाक मारली म्हणून! चिन्हं ओळखता आली नाहीत, हे कुणी बोलेचना.

"पांढरं कपाळ आडवं आलं की कामाचा बट्ट्याबोळ," सासू ठकुबाई म्हणाली. "ह्या खेपेला हुकलं तर तुला निपाणीला भावाकडं धाडते."

निपाणीला भावजय तिला गोठ्याशेजारी झोपवी. रंजिता ते विसरली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी ती आपणहून मागच्या खोलीत गेली. ठकुबाईनं बाहेरून कडी घातली. रंजिता दमली होती बिचारी. भांडायलाही अंगात जोर लागतो.

बाहेर शकुनाची तयारी. शेजारच्या तानूबाईनं, म्हणजे सवाष्णीनं, भरली घागर घेऊन समोरून यायचं ठरलेलं. नेमकं त्या दिवशी तानूबाईच्या नळाला पाणी नाही! "स्वल्प थांब रे, जरासं," ठकुबाई म्हणत राहिली. नऊ वाजले, साडेनऊ वाजले.

"भाऊजी, निघा! दहाला नावं घेतात!" रंजिता आतून ओरडली.

"गप बस गं!"

शेवटी अर्धी घागर आली. व्यंकोजी आर.टी.ओ.च्या दारात पोचला तेव्हा नावं पुकारून झाली होती.

दुपारी तो सोमवारची नवी तारीख घेऊन, तोंड पाडून परत आला. ठकुबाईनं रंजिताची ट्रंक ओसरीत आणून आपटली.

"आत्याबाई, मी तर कडीत होते."

"आतनं हाक मारलीस की!"

रंजितानं ट्रंकेकडं पाहिलं. मग तिचा संताप बाहेर पडला.

"मी निपाणीला जाणार नाही. भाऊजी चिन्हांनी नापास झाले, आज तानूबाईच्या नळानं उशीर झाला. माझा काय दोष? हे पुस्तक मला तोंडपाठ आहे. कुणी कुणाला वाट द्यायची, सगळं लिहिलंय त्यात. विधवेनं कोंडून घ्यायचं, असं एका पानावर नाही. सोमवारी फॉर्म भरून परीक्षेला मी बसते."

"बाईमाणूस टेम्पो चालवणार?"

"ताडपत्रीखाली गंजण्यापेक्षा बरं की!"

सोमवारी आठला ती सगळ्यांसमोर पुढच्या दारानं बाहेर पडली. मागोमाग व्यंकोजी निघाला, तोच ठकुबाई किंचाळली, "आत ये रे! पाच मिनिटं बस, पाणी पी, मग जा!"

व्यंकोजीनं वहिनीकडं पाहिलं. दोन वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्लेली, तिच्याकडूनच शिकलेला. तरी त्याचा पाय उंबऱ्याआत गेला. रंजिताला वाईट वाटलं, फार वाईट. ती एकटीच बसस्टॉपकडं चालू लागली.

आर.टी.ओ.त साहेबांनी चिन्हांच्या तक्त्यावर बोट ठेवलं. लाल कडेचा त्रिकोण, टोक खाली.

"दुसऱ्याला आधी जाऊ द्या," ती कानडीत म्हणाली. आयुष्यभर तिनं दुसरं केलं काय होतं! पुढची अकरा चिन्हंही तिनं न अडखळता सांगितली. "पास," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं, "व्यंकोजी!" एकदा, दोनदा, तीनदा. कुणी उठलं नाही. तो अजून घरी अपशकुन उतरायची वाट बघत बसला होता; ठकुबाईची पाच मिनिटं संपलीच नव्हती.

वाचकहो, उद्या सकाळी कामाला निघताना आपल्या घरात कुणाला आत बसवलं आहे का, तेवढं मागं वळून बघा. आणि कडी दिसली तर काढा.