प्लॅस्टिकमधली मॅट

क्रीडाशिक्षकांच्या महाविद्यालयात सामानाची खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपमामा म्हणत. अर्थात त्यांच्या माघारी. कुणी चेंडू मागायला गेलं की मामा आधी त्याचे हात बघत, मग नखं बघत आणि शेवटी म्हणत, "उद्या ये." सव्वीस वर्षांत त्यांच्या राज्यात एकही चेंडू हरवला नव्हता. फारसा उडालाही नव्हता म्हणा.

अशा माणसावर वेळ आली. व्यायामशाळेचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि प्राचार्यांनी हुकूम सोडला: मुलांना सामान घरी न्यायला द्या. घरच्यांनाच विद्यार्थी करून मुलं शिकवायचा सराव करतील, परीक्षाही व्हिडिओ कॉलवर होईल. मामांनी सामान दिलं, पण प्रत्येकाला सज्जड दम भरून. "ओरखडा जरी दिसला तरी गाठ माझ्याशी आहे!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळीच वर्गाच्या बाई तणतणत आल्या.

"मामा, लांबुडीचा सराव बघितला आत्ता फोनवर. कोलांटी उडी शिकवतेय, आणि कशावर, तर चादरीवर! तुमची मॅट मागे भिंतीला टेकून उभी, प्लॅस्टिकसकट. चादरीवर कोण डोकं टेकवणार? घरचे नुसते बसलेत आणि ही तोंडातल्या तोंडात पुटपुटतेय. गेल्या वर्षी नापास झाली, यंदा झाली तर नाव कटेल तिचं."

लांबुडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. अंगाने ताडमाड, पण आवाज असा की शेजारच्यालाही "काय?" म्हणावं लागे. मामांना राहवलं नाही. दुपारी ते तिच्या घरी जाऊन थडकले.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत शिंपीकाम करणाऱ्या वडिलांचं शिवणयंत्र खडखडत होतं. आई आणि आत्या मॅटला वळसा घालून, पदर सावरत ये-जा करत होत्या. घरात जावईबापू आल्यासारखा त्या मॅटचा थाट होता.

"बघा मामा," लांबुडी हळूच म्हणाली, "एक डाग नाही पडू दिला."

एरवी मामांनी पाठ थोपटली असती. आज त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी बुडणार होती, आणि ती आपण भरलेल्या दमामुळे. त्यांनी शिंपीदादांची कात्री उचलली, प्लॅस्टिक कराकरा कापलं आणि मॅट जमिनीवर पसरली.

"चला, मारा उड्या!"

कुणी जागचं हललं नाही. "पाय मळलेत हो आमचे," आत्या म्हणाल्या.

मग मामांनीच बूट काढले. आयुष्य या सामानात गेलं, पण मॅटवर पाऊल टाकायची ही पहिलीच खेप. त्यांनी हात टेकले, डोकं टेकलं, बूड वर केलं आणि अडकले. ना पुढे जाता येई, ना मागे.

"मामा, टाळू नका टेकवू! हनुवटी छातीला लावा! आता ढकला पायांनी!"

शिवणयंत्र थांबलं. एवढ्या मोठ्याने लांबुडी ओरडली होती. मामा आडवे होऊन कापडांच्या ढिगात पडले.

"पुन्हा," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"पुन्हा, मामा!"

सव्वीस वर्षं सगळ्यांना "उद्या ये" म्हणणारा माणूस निमूटपणे उठला. संध्याकाळपर्यंत आई, आत्या आणि पायाला मशीनचं तेल लागलेले शिंपीदादासुद्धा रांगेत होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांचा चेहरा फोनवर उगवला. चार विद्यार्थी लागत होते. चौथे मामा.

"ते शेवटचे गृहस्थ कशाला घेतले?" परीक्षकांनी विचारलं. "त्यांना तर काहीच येत नाही."

"सर, म्हणूनच घेतलेत," लांबुडी खणखणीत म्हणाली. "मामा, हनुवटी!"

मामा गेले. वाकडे गेले, पण पलीकडे जाऊन चक्क बसते झाले. परीक्षक हसले, खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि लांबुडीला म्हणाले, "बाई, उत्तम शिकवता तुम्ही. पास."

मामांना हुंदकाच फुटला. लांबुडी मात्र मॅटकडे बघत उभी होती आणि तिचा आवाज पुन्हा खाली गेला होता. "मामा, डाग पडला हो. तुमच्या डोक्याच्या तेलाचा."

मामांनी डोळे पुसून पाहिलं. डाग चांगला ताटाएवढा होता.

"असू दे," ते म्हणाले. "मॅट राहू दे अजून महिनाभर. आत्यांची उडी फार वाकडी जाते."