ठिबकणाऱ्या गिझरची कैफियत

मी एक जुना पंचवीस लिटरचा गिझर आहे, मित्रांनो. स्वभावानं तापट; पण धंदाच तसा, त्याला इलाज नाही.

लातुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात मी नऊ वर्षं भिंतीला लटकून काढली. बोअरच्या जड पाण्यानं पोटात चुन्याची पुटं चढली, तरी रांगेतली शेवटची मुलगीही कधी कुडकुडली नाही. पाणी तापलं की फुगतं. मग माझ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून दोन-चार थेंब गळायचे. तोच माझा श्वास. पण एका वर्षी टँकरचं पाणी सुरू झालं आणि गळणारा थेंब पाहून रेक्टर नागम्माबाईंचा जीव तुटू लागला. त्यांनी दुरुस्तीवाल्या शंकरप्पांना बोलावलं. शंकरप्पांनी व्हॉल्व्हच्या तोंडात घट्ट बूच ठोकलं. सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली. माझी मात्र घुसमट सुरू झाली. थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडायचा, म्हणून निभावलं.

पुढे नवा गिझर आला आणि मी गच्चीवर कबुतरांच्या हवाली झालो. तीन वर्षांनी मंजुश्री मॅडमनी मला उचललं. गिझर आणि सोलर दुरुस्त करणाऱ्या नव्या मुलामुलींचं प्रशिक्षण त्या आखत होत्या. फळ्यावर शिकून हात तयार होत नाही, चालू यंत्रच हवं, हा त्यांचा हट्ट. मदतीला शंकरप्पाच होते. मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. ते बूच अजून तिथंच होतं.

प्रशिक्षणाच्या आदल्या दुपारी चाचणी ठरली. शंकरप्पांनी पाणी भरून बटण दाबलं. मॅडम माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून वहीत लिहू लागल्या: मुलं बारा, तिघांचा एक गट, कोण कुठं उभं राहणार. अर्धा तास झाला. लाल दिवा एव्हाना विझायला हवा होता. विझला नाही. माझा थर्मोस्टॅट चिकटून बसला होता. पत्रा कुरकुरू लागला. बाई, बाजूला व्हा, असं मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण गिझरला वाचा कुठली?

मॅडमचं पेन थांबलं. "काका, दिवा अजून चालू कसा? आणि हा ठिबकत का नाही?"

"ठिबकंल कसा?" शंकरप्पा कौतुकानं म्हणाले. "म्याच बूच मारलंय त्याला. टँकरचं पानी वाया जात हुतं."

बोलता बोलताच त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, भाईर पळा, फुटंल ह्यो!"

दाराजवळचा मेन स्विच त्यांनी पाडला आणि दोघं अंगणात धावले. माझ्या पोटात पाणी खदखदत होतं. जोड उकलतोय की काय, असं वाटलं. कसाबसा टिकलो. संध्याकाळी मी पुरता गार झाल्यावर शंकरप्पांनी बूच उपटलं.

"काका, अशी अजून किती मारलीत?" मॅडमनी हळूच विचारलं.

शंकरप्पांनी हातातलं बूच उलटंपालटं करून पाहिलं. "मोजली न्हाईत, मॅडम. ज्यानं बोलावलं त्याला मारून दिलं. लेकरं आंघोळ करत्यात की हो तिथं."

मॅडमनी आखलेलं पान फाडलं. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षण वर्गात भरलंच नाही. पुढे शंकरप्पा, मागे पान्हे घेतलेली बारा मुलं, अशी सगळी दारोदार निघाली. प्रत्येक दारात शंकरप्पा आधी हात जोडतात, "चूक माझी हाय" म्हणतात, आणि मग बूच मुलांना काढायला लावतात.

मित्रांनो, पाणी जरूर जपा. थेंबाखाली तांब्या ठेवा, पण आमचं तोंड बंद करू नका. आज सहावा दिवस आहे आणि औशाच्या रस्त्याकडची वसतिगृहं अजून राहिली आहेत. तिथं ते पोहोचेपर्यंत तुम्ही आपल्या न्हाणीघरात एकदा बघाल का?