शेंदराखालचा आवाज

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. पिवळी पेटी, हिरवा पडदा आणि वायरीच्या टोकाला बटणाएवढा कान. तो कान लोखंडाला लावला की मी आत एक बारीक आवाज सोडते. तुम्हाला तो ऐकू यायचा नाही. पार पलीकडच्या टोकाला धडकून तो परत आला की पडद्यावर रेघ उठते. वाटेत भेग असली तर थोडा आवाज तिथूनच मागे फिरतो आणि एक रेघ आधीच उठते. लोखंड कापायला नको की फोडायला नको.

१९९८ साली मी जांबे गावातल्या एका छोट्या कार्यशाळेत आले. तेव्हा हिंजवडीला इमारती उठू लागल्या होत्या. क्रेनचे हुक, लिफ्टचे दांडे, सगळे माझ्यापुढे यायचे. बाहेरून कसे गुळगुळीत! पण आत कुठे अडकलेला बुडबुडा असे, कुठे केसाएवढी चीर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी थक्क झाले. खरे सांगायचे तर मला गर्वही चढला. वाटायचे, ऐकणारी जगात मी एकटीच.

तो गर्व २००४ साली चांदे गावच्या जत्रेत उतरला.

माझ्यावर काम करणारी गौतमी शेजारच्या नांदे गावची. रंभाबाईंच्या आकाशपाळण्यात ती लहानपणापासून बसत आलेली. त्या वर्षी जत्रेच्या सकाळी गडी रिकामा पाळणा फिरवून बघत होते, तेव्हा तिला त्याची करकर वेगळी वाटली. ती मला घेऊन थेट मैदानात आली.

पाळण्याच्या मधोमध जाड लोखंडी आस होता, त्यावर चाकाचा मधला तुंबा घट्ट बसलेला. त्याच्या दोन्ही टोकांना रंभाबाई दर खंडेनवमीला तेल-शेंदूर लावायच्या. वर्षानुवर्षांचा तो थर भाकरीएवढा जाड झाला होता. गौतमीने त्यावर माझा कान ठेवला आणि काय सांगू, मला काहीच ऐकू येईना! मी ठार बहिरी.

"मावशी, आत भेग हाय का बघायचं तर ह्यो शेंदूर खरवडावा लागंल," गौतमी म्हणाली.

"देवाचा हाय त्यो! ह्यांच्या हातचा पयला थर हाय त्यात," रंभाबाई उसळल्या. त्यांचे यजमान वारून बरीच वर्षे झाली होती. "आन् भेग कुटं हाय? मला तर दिसंना."

"चाकाच्या तुंब्याखाली असंल, तर कुणालाच दिसायची न्हाई. संध्याकाळी पोरं बसणार हायेत, मावशी."

 रंभाबाईंनी आसाला हात जोडले आणि स्वतःच पत्र्याने शेंदूर खरवडला. तो सगळा त्यांनी पदरात धरला.

लोखंड उघडे पडले, ग्रीस लागले आणि मला ऐकू आले. बावीस इंचांवर रेघ उठली. रंभाबाईंना पटेना. गौतमीने दुसऱ्या टोकाकडून कान लावला. तिथून रेघ अडतीस इंचांवर. रंभाबाईंनी सुतळी घेतली, दोन्हीकडून मोजली. दोन्ही गाठी तुंब्यावर एकाच जागी आल्या.

"दोनी अंगानं एकाच जागी बोट दावतंय गं!" रंभाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी भर जत्रेत पाळणा उतरवायला सांगितला. लोक हसले, पोरे रडली. त्यांनी कुणाचेच ऐकले नाही. पडद्यावरच्या एका रेघेवर विश्वास ठेवणारी ती बाई पाहून मी पुन्हा थक्क झाले, आणि ह्या वेळी लोखंडामुळे नव्हे. कार्यशाळेत तुंबा काढला, तेव्हा नेमक्या त्या जागी आसाला अर्ध्यापर्यंत भेग गेलेली निघाली.

पुढच्या खंडेनवमीला रंभाबाईंनी नव्या आसाला जुनाच शेंदूर तेलात कालवून लावला, पण दोन्ही टोकांना रुपयाएवढी जागा सोडून. "तेवडी उगडी ठेवलीया. ग्रीस लावलंय, गंजायची न्हाई." आणि माझ्या पेटीवरही शेंदराचे एक बोट ओढले.

आज २०१० साली मी कपाटात असते. माझी वायर जागोजागी जोडलेली आहे, रोजच्या कामाला नवे यंत्र आहे. मित्रांनो, आवडत्या वस्तूंना खुशाल सजवा, पुजा. पण त्यांचे दुखणे ऐकायला थोडी जागा उघडी ठेवा. वर्षातून एकदा मात्र मी बाहेर निघते, कारण रंभाबाई नव्या यंत्राला आसाजवळ येऊ देत नाहीत. "शेंदूरवालं आण," म्हणतात. मी कान लावते. साठ इंचांवर एकच रेघ, मधे काही नाही. मग पाळणा सुटतो आणि तुमचा आरडाओरडा सुरू होतो. तो ऐकायला मला कुठे कान लावावा लागत नाही.