घड्याळाची जागा

झालेली गाडी शेडमध्ये मुक्कामाला ठेवायची नाही, हा ह्यांचा जुना नियम. शेवटचा स्क्रू बसला की मालकाला फोन, आणि दिवस मावळायच्या आत गाडी बाहेर. "ठेवली की हात शिवशिवतात," हे म्हणत. "इथे जरा घासू, तिथे जरा पॉलिश मारू. चांगलं झालेलं काम मीच बिघडवीन."

ह्यांचा धंदा जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा. पत्रा गंजलेला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, अशी गाडी आणायची आणि पुन्हा रस्त्यावर काढायची. मी जन्मभर लहान मुलांना शिकवलं. मला गाडीतलं रंगापलीकडे फारसं कळत नाही. पण हिरव्या गाडीचं प्रकरण उघडकीला आलं त्या दिवशीच मला कळलं, कारण ते वर्गात नेहमी व्हायचं. एकाचा खोडरबर हरवायचा आणि दुसऱ्याच्या दप्तरात सापडायचा. दुसरा रडत सांगायचा, "बाई, मी नाही चोरला, मी गोट्या देऊन घेतलाय." कोणाकडून, तर तिसऱ्याकडून. आणि तिसरा नेमका त्या दिवशी शाळेत आलेला नसायचा.

आमचा तिसरा म्हणजे एक व्यापारी. मी त्याला गोडबोल्या म्हणायची. भाड्याच्या आवारात जुन्या गाड्या लावून बसायचा, मला वहिनी म्हणायचा, खुर्ची पुसून द्यायचा. हिरवी गाडी ह्यांनी त्याच्याकडून रीतसर कागद करून घेतली. कागद खरे होते, नंबरची पट्टीही खरी होती. फक्त दोन्ही भंगारात गेलेल्या दुसऱ्याच एका गाडीची होती. हे आम्हाला काही वर्षांनी कळलं, तोवर त्या आवारात कोणा नव्या माणसाने फरशीचं दुकान टाकलं होतं.

गाडी ह्यांनी फुरसतीने केली. गिऱ्हाइकांची कामं आधी, ती नंतर. तोवर ह्यांची बोटं थरथरायला लागली होती आणि ही शेवटची, असं हे न बोलता ठरवून बसले होते. सगळं झालं, एक घड्याळ राहिलं. स्टिअरिंगच्या बाजूला घड्याळाच्या जागी नुसतं गोल भोक होतं, आणि त्याच्याभोवती स्क्रूची तीन छिद्रं. तशा गाड्यांना दोनच असतात. तिसरं कोणीतरी घरी पाडलं होतं.

नकली घड्याळ बाजारात मिळत होतं. मी म्हटलं, "लावून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतोय," हे म्हणाले. मग ह्यांनी त्या भोकाचा फोटो काढला आणि जुन्या गाड्यांच्या नादी लागलेल्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. अस्सल घड्याळ हवंय, कोणाकडे असेल तर कळवा.

नदीपलीकडच्या देशातून एका बाईंचं उत्तर आलं. घड्याळ माझ्याकडे आहे. गाडी तुमच्याकडे कशी?

गाडी त्यांच्या वडिलांची होती. घड्याळ बिघडलं म्हणून वडिलांनी ते काढून दुरुस्तीला घेतलं, घरच्या टेबलावर खोलून ठेवलं, आणि त्याच सुमारास दारातली गाडी चोरीला गेली. तिसरं छिद्र त्यांनीच पाडलेलं. घड्याळ खडखडायचं म्हणून.

माझा भाचा वकील आहे. तो आला आणि कपाळाला हात लावून बसला.

"मावशी, काकांना फोटो टाकायची काय गरज होती? चोरसुद्धा इतका नीट पत्ता देत नाही."

"काका चोर नाहीत."

"तेच ना. चोर असते तर गप्प बसले असते."

मग त्याने समजावलं. आपल्या कायद्यात, न कळता, उघडपणे, पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू ठरावीक वर्षांनी घेणाऱ्याचीच होते. पलीकडच्या कायद्यात चोरीची वस्तू कितीही हातांतून फिरली तरी मूळ मालकाचीच राहते. "म्हणजे इथे गाडी काकांची आणि तिथे त्या बाईंची. पुलाच्या मध्यावर कोणाची, ते मला विचारू नकोस. काका, एक करा. गाडी पलीकडे नेऊ नका. नेली तर गाडीही जाईल आणि तुम्हालाही बसवून ठेवतील."

बाईंनी आमच्याकडच्या कोर्टात दावा लावला. तारीख पडायची, आम्ही जायचो, पुढची तारीख घेऊन यायचो. बाकावर त्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. माझ्यासारखा त्यांच्याही गुडघ्याला पट्टा होता. एकदा त्यांनी मला विचारलं, "पट्ट्याने फरक पडतो का तुम्हाला?" मी म्हटलं, "धुवायचा ताप वाढतो." तेवढंच काय ते आम्ही बोललो. गोडबोल्याचं नाव दर तारखेला पुकारलं जायचं आणि कोणी उठायचं नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. भाच्याने पेढे आणायचं विचारलं, तर हे म्हणाले, "राहू दे रे. मला आधी झोपू दे."

पुढच्याच आठवड्यात बाई घरी आल्या, आधी फोन करून. बसने आल्या होत्या. शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि गाडीकडे बघत राहिल्या. हात लावला नाही.

"वडील असते तर म्हणाले असते, रंग चुकला," त्या म्हणाल्या.

"चुकलेला नाही," हे म्हणाले. "दाराच्या आत जुना रंग शिल्लक होता. तोच लावलाय."

"तेही खरं असेल. उन्हात उडालेलाच मला आठवतोय."

मी चहा आणला. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. ते चालू होतं. वडील सांगून गेले होते, किल्ली देत राहा, नाहीतर अडकेल. म्हणून त्या देत राहिल्या होत्या.

"एकदा बसवून बघू?" ह्यांनी विचारलं.

"त्यासाठीच आणलंय. मलाही बघायचंय. मग काढून द्या. घड्याळ तरी माझं आहे ना?" त्यात टोमणा नव्हता. माझ्या वर्गातली मुलं विचारायची तसं विचारलं.

हे गाडीत आडवे झाले. बोटं ऐकेनात, म्हणून बॅटरीचा उजेड मी धरला. तिसरा स्क्रू बसला, तो तसूभरही इकडे तिकडे न होता. आम्ही तिघं घड्याळाची टिकटिक ऐकत राहिलो. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बरं. काढा आता."

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला, आणि परत खाली घेतला. उठून सीटवर बसले. मला वाटलं, चक्कर आली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "गाडी झाली."

मी काय ते समजले. इतकी वर्षं नकली घड्याळ का नको होतं, तेही थोडंसं समजलं. ते एक भोक होतं तोवर गाडी अपुरी होती, म्हणून शेडमध्ये राहिली होती.

"झाली म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"झालेली गाडी ते ठेवत नाहीत," मी म्हटलं. "मालकाकडे पाठवतात."

"पण कोर्टाने तर..."

"कोर्टाने शेडपुरतं सांगितलंय," हे म्हणाले. "बसा. मागे बसता की पुढे?"

त्या मागे बसल्या. मी भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, काकांच्या गोळ्या बरोबर घे. तिकडे बसवून ठेवतील."

बसवून ठेवलंच. पुलापलीकडच्या चौकीत शिपायाने गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर तपासला आणि साहेबाला बोलावलं. बाईंनी त्यांच्याकडचे जुने कागद दाखवले, ह्यांनी आपला जबाब दिला. साहेबाने पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "तुम्ही स्वतःहून आणलीत? का?" ह्यांनी प्रत्येक वेळी सांगितलं, "काम संपलं म्हणून." शेवटी त्याने तेच लिहून घेतलं. कागद पुरे होईपर्यंत गाडी चौकीच्या आवारात राहणार, मग बाईंना मिळणार. आम्हाला जायला सांगितलं.

बाई फाटकापर्यंत आल्या. "पट्टा नीट बांधा," त्या मला म्हणाल्या.

पुलावर वारा होता आणि आम्ही एकमेकांच्या आधाराने चाललो होतो. मागे शिपाई गाडी आवारात नेत होता. गिअर कर्रकन ओरडला. हे थांबले.

"दुसरा गिअर जरा दमाने घालावा लागतो," हे म्हणाले. "सांगायचं राहिलं."

"त्यांना माहीत असेल. त्यांच्या वडिलांचीच गाडी."

"गिअरबॉक्स मी केलाय, अगं. त्यांना कसं माहीत असेल?"

मी मागे वळून पाहिलं. फाटक बंद झालं होतं.

"घरी गेल्यावर फोन करा," मी म्हटलं.

"करतो," हे म्हणाले, आणि कठड्याला धरून आम्ही पुढे निघालो.