सात सह्यांच्या फाईलचा हेवा

ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, बंद पडलेल्या टेबलफॅनच्या शेजारी एक खाकी फाईल पडली आहे ना, तीच मी. मित्रांनो, माझी नाडी कधी काळी पांढरी होती. पाठीवर चहाच्या कपाचे दोन गोल आहेत. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारा एक कारखाना आहे, त्यात मी नोकरी केली. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण किती गुणी होतो ते आधी सांगतात. मी तसं करणार नाही. मी हेवेखोर आहे, आणि ही माझ्या हेव्याचीच गोष्ट आहे.

ही खोड मला अगदी पहिल्यापासूनची. पालघर नुकताच जिल्हा झाला होता, तेव्हा मी बाजारातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात पन्नास बहिणींच्या गठ्ठ्यात बसले होते. नव्या कचेऱ्यांना फायली हव्या होत्या. एकोणपन्नास बहिणी सरकारी शिक्क्याच्या मानकरी झाल्या. माझा एक कोपरा दुमडलेला म्हणून मी मागे राहिले. मग कारखान्यातले कागद सांभाळणाऱ्या चिंचणीच्या सुगंधाताई आल्या आणि त्यांनी मला उचललं. माझ्या बहिणी आज कोळगावच्या जिल्हा कचेरीच्या मोठ्या इमारतीत दिमाखात बसल्या असतील, या विचारानं माझा कोपरा अजूनही दुखतो.

पण कारखान्यात मला मान मिळाला हं, अगदी भरपूर. तिथं प्रत्येक काम कसं करायचं याचा एक कागद असतो. टाकी कशी धुवायची, पंप कसा सुरू करायचा, पिंप कुठे ठेवायचं. असा कागद एकट्यादुकट्याच्या मनानं होत नाही. एक जण लिहितो, बाकीचे तपासतात, शेवटी साहेब मंजूर करतात. तो कागद माझ्या पोटात घालून सुगंधाताई मला टेबलाटेबलावर फिरवायच्या. प्लँट, प्रयोगशाळा, दुरुस्ती खातं, सुरक्षा, स्टोअर, कामगार खातं आणि सगळ्यात शेवटी कमलाकांत साहेब. सात टेबलं, सात सह्या. एका फेरीला तीन आठवडे लागायचे. दुरुस्ती खात्यात तर मी एकदा गणपतीपासून नवरात्रापर्यंत पडून होते आणि माझ्यावर कुणीतरी रोज वडापाव ठेवत होतं. तरी मला काही वाटायचं नाही. सगळे माझी वाट बघायचे. "फाईल आली का?" असं विचारलं जायचं. आणखी काय हवं एखाद्या पुठ्ठ्याला?

आमच्याकडे एक रीत होती. प्लँटवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपलं म्हणणं कडेला पेन्सिलनं लिहायचं. पेन फक्त सही करणाऱ्यांचं. साहेबांपुढं गिचमिड पान जायला नको, म्हणून सहाव्या टेबलानंतर सुगंधाताई खोडरबर घेऊन बसायच्या आणि कडा स्वच्छ करायच्या. पुसण्याआधी ते म्हणणं त्या त्या खात्याला तोंडी सांगायच्या. मग साहेबांची सही.

चार नंबरच्या टाकीवर बुधा होता. जव्हारकडच्या डोंगरातला, पंधरा वर्षं त्याच टाकीवर. एकदा तो मला मांडीवर उघडून बसला होता.

"ताई, ह्या टाकीत वरून अ‍ॅसिडचा पाइप येतो ना, त्याचा वॉल्व्ह बंद केला तरी टपकतं," तो म्हणाला. "आमी पाइप सोडवतो, तोंडाला पत्रा आवळतो, तवाच धुवायला आत उतरतो. ह्या कागदात तसं लिवलेलंच नाय."

"मग लिही की कडेला."

"पेनानं लिवू?"

"अरे, पेन साहेबांचं. तू पेन्सिलनं लिही, मी सांगते पुढं."

"म्हंजे पुसायला बरं," बुधा म्हणाला आणि हसला. ताईही हसल्या.

ताईंनी दुरुस्ती खात्याला खरंच सांगितलं. ते म्हणाले, बघतो. पुढच्या काही वर्षांत तो कागद तीन वेळा नव्यानं झाला. तीन वेळा बुधानं तेच लिहिलं, दाबून दाबून लिहिलं, आणि तीन वेळा ते पुसलं गेलं. बुधा आपला पत्रा लावत राहिला, म्हणून कुणाला काही झालं नाही. उलट, तपासणीला आलेल्या एका अधिकारी बाईंनी मला चाळून म्हटलं, "किती स्वच्छ कागद ठेवलेत तुम्ही." त्या दिवशी मी फुगले ते आठवडाभर फुगलेलीच होते.

आणि मग ती आली.

तिला तुम्ही बघितलं असेल. ती कागदाची नसतेच. काँप्युटरच्या पडद्यावर एक पान उघडतं आणि सगळे आपापल्या जागेवरून त्याच पानावर एकदम लिहितात. पालघरची स्नेहल कारखान्यात नोकरीला लागली आणि तिनं ही पडद्यावरची बया आणली. तीन आठवड्यांची फेरी दोन दिवसांत. कुणी काय बदललं, किती वाजता बदललं, सगळं दिसतं. चहा सांडला तरी डाग पडत नाही.

वर्गात नवी मुलगी येते, तिची बॅग चकचकीत असते, आणि तुमची जिवाभावाची मैत्रीण हळूच तिच्या बाकावर जाऊन बसते, तेव्हा कसं होतं? तसंच मला व्हायचं, रोज, नऊ ते सहा. पानं उलटायला लोक बोट जिभेला लावायचे, ते आठवून मी झुरायचे. वीज गेली की मला आनंद व्हायचा. जनरेटर सुरू झाला की मी पुन्हा तोंड पाडायचे. ताई तर माझ्याहून गप्प झाल्या होत्या. बारा वर्षं त्यांच्याशिवाय एकही कागद पुढं सरकला नव्हता. आता त्या खुर्चीत बसून होत्या आणि कागद त्यांना न विचारता सरकत होते.

जुलैत चार नंबरच्या टाकीचा कागद पडद्यावर नव्यानं आला. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून टाकी गुरुवारी धुवायची ठरली होती. मी टपूनच बसले होते, आणि मला हवी ती चूक दिसली. पडद्यावरच्या यादीत सहाच नावं होती. प्लँटच्या माणसांना ईमेल नाही, म्हणून त्यांचं नावच नाही. आणखी एक गंमत झाली. माझ्या वेळी साहेब शेवटी असायचे. इथं सगळ्यांना एकदमच उघडतं. साहेबांनी सकाळी पोहे खाता खाता 'मंजूर'वर टिक केली. ते दिसताच बाकीच्या पाच जणांनी पटापट टिका केल्या. साहेबांनी बघितलंय म्हणजे बघितलंय. काय सांगू, मला इतकं बरं वाटलं.

स्नेहल मात्र ताईंकडे आली. "ताई, या टाकीचा जुना कागद असेल ना तुमच्याकडे? एकदा ताडून बघते."

"जुनं कशाला बघतेस, बाय?" ताई म्हणाल्या. "तुझ्या पडद्यावर सगळं हाय ना? जुनं काय आता टाकायचंच."

स्नेहल ओशाळून गेली. मी कपाटात खुदकन हसले. तेव्हा मला कळलंच नाही की मी कशावर हसते आहे.

बुधा त्या आठवड्यात भाताच्या लावणीला गावी गेला होता. तिथं फोनला रेंज नाही. त्याच्या जागी टाकीत उतरायचं होतं दुसऱ्या पाळीच्या धीरजला. गुरुवारी सकाळी तो आत उतरायच्या परवान्यावर सही करायला ऑफिसात आला. स्नेहलनं छापून दिलेला नवा कागद त्यानं बोट ठेवून ओळ न ओळ वाचला. त्या सगळ्यांत तोच एकटा वाचणारा.

जाताना तो ताईंच्या टेबलाशी थांबला. "ताई, एक विचारू? बुधादादा आत उतरायच्या आधी वर्कशॉपमधून एक पत्रा न्यायचा. मी दोनदा बघितलाय. ह्यात तर पत्र्याचं काय नाय."

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "खाली जाऊ नको. इथं बस."

"अहो, पण साहेब म्हणाले बारापर्यंत..."

"बस म्हटलं ना."

त्यांनी मला खालच्या कप्प्यातून ओढून काढलं. मित्रांनो, आता खरं ते सांगते. पावसाळी हवेनं माझी पानं एकमेकांना चिकटली होती, पण मीही ती सोडायला तयार नव्हते. मला वाटत होतं, होऊ दे तिची फजिती. सगळ्यांना कळू दे ती कशी आहे ते. ताईंनी नाडी सोडली, नखानं पानं सुटी केली, आणि मला समोर धीरज दिसला. हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. बेतणार होतं ते पडद्यावर नव्हतं, त्याच्या जिवावर होतं. मी पानं सोडली.

कागदाच्या कडा स्वच्छच होत्या. पण बुधानं दाबून लिहिलेलं, त्याचे खळगे राहिले होते. ताईंनी पेन्सिल आडवी धरून त्यावरून हलकेच फिरवली. काळ्यात पांढरी अक्षरं उमटली. वाल बंद केला तरी टपकतं. पाईप सोडवून पत्रा लावा मग उतरा.

एक पान, दुसरं पान, तिसरं पान. तिन्ही ठिकाणी तेच.

स्नेहल मागे येऊन उभी राहिली होती. "पुसलं मीच," ताई तिला म्हणाल्या. "आणि परवा तू विचारलंस तर दडवलंही मीच."

"मी तरी बुधादादांना कुठं विचारलं?" स्नेहल म्हणाली. "ईमेल नाही म्हणून नावच घातलं नाही."

दोघी मला घेऊन साहेबांकडे गेल्या. कमलाकांत साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "सहा जणांनी मंजूर केलंय ते."

"सर, तुमची टिक नऊ वाजून चार मिनिटांची आहे," स्नेहल म्हणाली. तिनं फोनवर ते पान त्यांच्यापुढं धरलं. "बाकीच्या पाच टिका पुढच्या दोनच मिनिटांतल्या आहेत. कागद चार पानांचा आहे."

साहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी फक्त तारीख बघितली होती."

सगळे टाकीवर गेले. मीही गेले, ताईंच्या काखेत. वॉल्व्ह बंद होता, अगदी घट्ट. धीरजनं लांब काठीच्या टोकाला एक कोरा कागद बांधला आणि झाकणातून पाइपाच्या तोंडाखाली धरला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. साहेब काहीतरी बोलणार, इतक्यात एक थेंब पडला. कागद तपकिरी झाला आणि त्याला भोक पडलं. खोटं कशाला बोलू, सगळे त्या कागदाकडे इतकं टक लावून बघत होते की मला क्षणभर त्याचासुद्धा हेवा वाटला.

धीरजनं काठी बाहेर काढली. भोकाकडे बघत तो म्हणाला, "माजी मान असती तिथं."

 साहेबांनी स्वतः दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. पाइप सुटला, पत्रा लागला. दीड वाजता धीरज आत उतरला आणि चार वाजता टाकी चकचकीत करून वर आला. तो तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

त्या बयेला तेव्हापासून शिस्त लागली आहे. जो काम करतो त्याचं नाव यादीत पहिलं. साहेबांना पान दिसतं ते सगळ्यांत शेवटी. आणि कुणाचं म्हणणं कुणीही काढून टाकायचं नाही. पटत नसेल तर खाली उत्तर लिहायचं.

लावणी आटोपून बुधा परत आला, तेव्हा स्नेहल आणि सुगंधाताई फोन घेऊन टाकीशी गेल्या.

"दादा, तुम्ही बोला, मी लिहिते," स्नेहल म्हणाली.

"आनि पुसनार कोन?" बुधानं ताईंकडे बघत विचारलं.

ताईंनी मान खाली घातली. "कोणी नाय पुसणार, बुधा. उत्तर द्यावं लागतं आता."

"साहेबांनापन?"

"साहेबांनापण."

बुधानं एक पिंप उलटं करून पुढं सरकवलं. "मंग बसा निवांत. लय हाय सांगायला."

सध्या ताई रोज माझी दोन पानं काढतात, त्यांवर पेन्सिल फिरवतात आणि जे उमटेल ते पडद्यावर घालतात. मी हळूहळू रिकामी होते आहे. माझ्या पोटातलं तिच्या पोटात जातं, हे बघताना दुखतं. दुखतं म्हणजे दुखतंच. पण आता मी पानं चिकटवून धरत नाही. ताईंचं नख लागायच्या आतच सोडते.

मित्रांनो, तुम्हीही शाळेत चार जण मिळून प्रकल्प लिहिता. जिचं अक्षर सुंदर ती लिहिते, बाकीचे खाली नावं घालतात. तसं करू नका. ज्यानं खरंच ते करून बघितलंय, त्याला आधी विचारा, त्याचं अक्षर कसंही असो. न वाचता नाव घालू नका. आणि मोठ्यांनी मान हलवली म्हणून आपलीही हलवू नका.

आमच्यासारख्या जुन्या फायली ओलाव्याच्या जागी टाकू नका. रद्दीत देण्याआधी एकदा पानं उजेडात तिरकी धरून बघा. त्या पडद्यावरच्या बयेलाही नीट सांभाळा. हे मी मनापासून म्हणते आहे. अजून पूर्ण मनापासून नाही, पण म्हणते आहे.